निळ्या पेटीत काय असते?

वाचकहो, महिन्यातून एकदा आपल्या अंगणवाडीत लस टोचायला नर्सबाई येतात. त्यांच्या खांद्याला एक निळी पेटी असते. बाई ती पेटी कधी उन्हात ठेवत नाहीत. तिचे झाकण उगाच उघडत नाहीत. पोरे हात लावायला गेली, तर रागे भरतात. आपल्याला वाटते, बाई जरा जास्तच जपतात बुवा!

मलाही एके काळी तसेच वाटत होते. त्यापायी माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हा धडा लिहितो आहे.

मे महिन्यातली गोष्ट

१९८८ साल होते. घाटाखालच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. मे महिना होता. शाळेला सुटी होती, म्हणून लसीकरण शाळेच्या ओट्यावर ठेवले होते. सकाळपासून आया पोरांना घेऊन बसल्या होत्या. वाडीवरची एक बाई तर दोन कोस चालून आली होती. कडेवर नऊ-दहा महिन्यांचा मुलगा होता. त्याला गोवराची लस टोचायची होती.

नर्सबाई दहा वाजता यायच्या, त्या तीन वाजता आल्या. घाटात एस.टी. बिघडली होती. चार तास गाडी उन्हात उभी होती. पुढे बाई पायी आल्या. घामाघूम झाल्या होत्या. त्यांनी पाणीसुद्धा घेतले नाही. आधी पेटी उघडली आणि आत हात घातला. बर्फ सगळा वितळला होता. पाणी कोमट लागत होते.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, आज मी कोणालाच टोचणार नाही."

बायका चिडल्या. वाडीवरची बाई म्हणाली, "आमचा रोज बुडाला की हो! टोचा ना बाई, एवढ्या लांबून आलो."

मीही त्यांचीच बाजू घेतली. म्हणालो, "बाई, औषध तर आहे ना बाटलीत? टोचून टाका. गुण आला तर आला. नुकसान तर काही नाही?"

बाई म्हणाल्या, "नुकसान आहे, गुरुजी. मी टोचले, तर कार्डावर नोंद होईल. आई समजेल, आपल्या लेकराला आता गोवराची भीती नाही. ती पुन्हा येणार नाही. आणि लेकरू तर उघडेच राहील."

मला ते पटले नाही. बाई निघून गेल्या, तेव्हा बायकांच्या देखत मी म्हणालो, "सरकारी काम! येणाऱ्यांची कदर नाही." हे माझे शब्द ध्यानात ठेवा. शेवटी त्यांचे काय झाले, ते सांगतो.

लस म्हणजे काय?

आता पहा. पोलीस पाटलाला चोराचा चेहरा आधीच ठाऊक असेल, तर चोर वेशीवरच पकडला जातो. लसीचे काम असेच आहे. रोगाचे जंतू दुबळे करून, किंवा मारून, किंवा त्यांचा एखादा अंश घेऊन लस करतात. ती शरीरात गेली की शरीराला त्या रोगाची ओळख पटते. पुढे खरा रोग आला, तर शरीर त्याच्याशी लढायला तयार असते.

गोवर, क्षय आणि पोलिओचे तोंडावाटे देण्याचे थेंब, या लसींत दुबळे पण जिवंत जंतू असतात. ते जिवंत असतील तरच शरीराला ओळख पटते. म्हणून लस म्हणजे विरजणासारखी आहे. कढत दुधात विरजण घातले, तर दही लागत नाही. उष्णतेने विरजणातला जीव जातो. तसाच उन्हाने लसीतला जीव जातो.

पण एक मोठा फरक आहे. दूध नासले तर दिसते. वासावरून कळते. लस उन्हाने निकामी झाली, तर बाटलीत काहीच दिसत नाही. रंग तोच, वास तोच. हे मेलेल्या बियाण्यासारखे आहे. दाणा टपोरा दिसतो, पेरावा तर उगवत नाही. आणि उगवले नाही हे कळेपर्यंत हंगाम निघून जातो. आणखी एक सांगतो. एकदा निकामी झालेली लस पुन्हा बर्फात ठेवली, तरी ती सुधारत नाही.

गारठाही वाईट

मग कोणी म्हणेल, लस बर्फात गाडून ठेवावी, म्हणजे झाले. तसेही नाही, बरं का!

निफाडकडचे द्राक्ष बागायतदार कडाक्याच्या थंडीत रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. का? तर अति गारठ्यानेही माल जातो. लसीचेही तसेच आहे. धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला आणि कावीळ ब यांच्या लसी गोठल्या की वाया जातात. या लसींत तुरटीच्या जातीच्या क्षाराचे बारीक कण असतात. लसीचा अंश त्या कणांना चिकटलेला असतो. लस गोठली, की कणांचे गोळे होतात. मग ती वितळली तरी पहिल्यासारखी होत नाही. अशी बाटली हलवून ठेवली, तर गाळ भराभर तळाला बसतो.

म्हणून गावच्या आरोग्य केंद्रात लस २ ते ८ अंश सेल्सिअस एवढ्या थंडाव्यात ठेवतात. त्याहून गरम नको आणि त्याहून गारही नको. पोलिओचे थेंब उन्हाला सगळ्यांत नाजूक. मोठ्या भांडारांत ते शून्याखाली वीस अंशांच्या आसपास गोठवून ठेवतात.

पूर्वी लस कशी येई?

फ्रीज नव्हते, वीज नव्हती, तेव्हा लस कशी येत असेल? ही हकिगत ऐकण्यासारखी आहे.

देवीच्या रोगावरची लस इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली शोधली. ती हिंदुस्थानात आणायचे प्रयत्न झाले. दोऱ्याला लस लावून, ती वाळवून जहाजाने पाठवत. पण प्रवास महिनोन् महिन्यांचा आणि वाटेत उन्हाळा. लस इथे पोचेपर्यंत मेलेली असे.

मग एक निराळी युक्ती केली. एकाला टोचायचे. आठवड्याभरात त्याच्या दंडावर फोड येई. त्या फोडातली लस काढून दुसऱ्याला टोचायची. दुसऱ्याच्या दंडावरून तिसऱ्याला. असे करत लस बगदादहून बसऱ्याला आली आणि तिथून जहाजाने मुंबईला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. हिंदुस्थानात लागू पडलेली देवीची ती पहिली लस. त्या मुलीच्या दंडावरून ती इतर मुलांना दिली, आणि पुढे पुण्याला व इतर गावांना गेली.

म्हणजे तेव्हा माणसांचे दंड हीच लसीची पेटी होती! साखळीतले एक मूल आजारी पडले, किंवा एक फोड वेळेआधी फुटला, की साखळी तुटे. शिवाय एकाचा दुसरा रोग दुसऱ्याला लागण्याची भीती असे.

पुढे १९५० नंतरच्या दशकात देवीच्या लसीची कोरडी भुकटी करण्याची चांगली रीत निघाली. ही भुकटी उन्हात महिना महिना टिके. भारतात देवी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १९६२ साली सुरू झाली. त्या मोहिमेला पुढे या भुकटीने मोठे बळ दिले. देवी डॉक्टर ती घेऊन डोंगरात, रानात गेले. मे १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी सापडला नाही. १९८० साली साऱ्या जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले.

पण सगळ्या लसींची अशी टिकाऊ भुकटी करता येत नाही. म्हणून आजही थंडाव्याची साखळी लागते. तिला शीतसाखळी म्हणतात.

कारखान्यापासून पाड्यापर्यंत

तुमच्यापैकी पुष्कळजण डेअरीला दूध घालतात. गोठ्यातून किटली, किटलीतून शीतकेंद्र, शीतकेंद्रातून टँकर, टँकरमधून शहर. मध्ये कुठेही दूध तापले, तर सगळा टँकर नासतो. लसीचा प्रवास असाच आहे, फक्त उलट्या दिशेने. शहरातून निघून ती आपल्या दारी येते.

कारखान्यातून लस निघते. सरकारची चार मोठी भांडारे आहेत : कर्नाल, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता. आपल्या राज्याचे भांडार पुण्याला आहे. तिथून ती थंड गाडीतून विभागाला जाते, विभागातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून प्राथमिक आरोग्य केंद्राला. आरोग्य केंद्रातून निळ्या पेटीत बसून ती आपल्या अंगणवाडीत येते. नर्मदेकाठी नंदुरबार जिल्ह्यात काही पाड्यांना रस्ताच नाही. तिथे बोटीतून जाते. मणिपूरमध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकटक तळ्यातल्या बेटावर ड्रोनने लस पोचवली. ड्रोन म्हणजे माणसाशिवाय उडणारे छोटे विमान.

आरोग्य केंद्रातला फ्रीज घरातल्या फ्रीजसारखा नसतो. त्याचे दार पुढे नसते, वर असते. थंड हवा जड असते. दार पुढे असले, तर उघडताच ती पायाशी सांडून जाते. झाकण वर असले, तर विहिरीतल्या गारव्यासारखी आतच राहते. त्याच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते. म्हणून वीज गेली तरी आत थंडावा काही तास टिकतो. मात्र झाकण उघडता कामा नये. जिथे वीज भरवशाची नाही, अशा काही ठिकाणी आता सूर्याच्या उन्हावर चालणारे फ्रीज बसवले आहेत. ज्या उन्हाने लस मरते, तेच ऊन आता तिला राखते!

रोज सकाळ-संध्याकाळ फ्रीजमधला उष्णतामापक पाहून आकडा वहीत लिहितात. हे काम रविवारी, सणावारीसुद्धा चुकवून चालत नाही.

पेटी भरण्याचीही रीत आहे. पेटीत बर्फाची चार पाकिटे बसतात. ती डीप फ्रीझरमधून काढून लगेच पेटीत घालायची नाहीत. तसे केले, तर त्यांना चिकटलेली लस गोठेल. आधी ती बाहेर ठेवतात. पाकिटाला घाम फुटला आणि कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज आला, की मगच ती पेटीत घालतात.

चौकोन आणि गोल

१९८८ साली नर्सबाईंनी हाताने पाणी चाचपून निर्णय घेतला. आज आणखी एक सोय झाली आहे. लसीच्या बाटलीवर एक छोटी खूण असते. एक गोल, आणि गोलाच्या आत चौकोन. लस ताजी असते, तेव्हा चौकोन पांढरट असतो. बाटलीला जसजशी उष्णता लागत जाते, तसतसा चौकोन काळपट होत जातो. तो पुन्हा पांढरा होत नाही.

वाचून ध्यानात ठेवा. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल, तर लस वापरता येते. चौकोन गोलाइतकाच गडद झाला, किंवा गोलाहून गडद झाला, तर ती बाटली वापरायची नाही.

ही खूण अक्षर न येणाऱ्यालाही वाचता येते. तिचा दुहेरी फायदा आहे. वाईट लस टोचली जात नाही, आणि चांगली लस निव्वळ संशयाने फेकली जात नाही. मात्र लस गोठली होती की नाही, हे ही खूण सांगत नाही. म्हणून बाटलीवरची मुदतीची तारीख, ही खूण आणि लस गोठलेली नाही ना, या तिन्ही गोष्टी बाई तपासतात.

आणखी एक. गोवराची आणि क्षयाची लस भुकटीत असते. टोचण्याआधी ती पाण्यासारख्या द्रवात कालवतात. कालवल्यावर ती चार तासांच्या आत वापरायची. उरली तर फेकायची. उघड्या बाटलीत जंतू शिरले, तर त्यांचे विष होते आणि लेकराच्या जिवाला धोका होतो. म्हणून "उरली आहे, संध्याकाळी टोचा" असा आग्रह बाईंना कधी धरू नये.

थंडाव्याइतकाच हिशेब

नुसता थंडावा असून भागत नाही. हिशेबही लागतो. एका केंद्रात बाटल्या पडून राहिल्या, मुदत संपली, आणि शेजारच्या केंद्रात आया रिकाम्या हाताने परत गेल्या, तर काय उपयोग? आपण घरी कणगीतले जुने धान्य आधी काढतो. तसेच ज्या बाटलीची मुदत आधी संपते, ती आधी वापरायची असते.

पूर्वी हा हिशेब फक्त वह्यांत होता. कुठे किती लस शिल्लक आहे, हे वर कळेपर्यंत आठवडे जात. २०१५ पासून हळूहळू एक नवी व्यवस्था आली. तिला ई-विन म्हणतात. केंद्रातला माणूस आपला साठा मोबाइलवर भरतो. फ्रीजला एक यंत्र जोडलेले असते. आतला थंडावा ठरल्या हद्दीबाहेर गेला, की मोबाइलवर संदेश येतो. म्हणजे मध्यरात्री फ्रीज बंद पडला, तरी फोन वाजतो. पण फोन वाजल्यावर उठून जायला माणूसच लागतो, हे विसरू नका.

आपल्या देशात दर वर्षी दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. त्या सगळ्यांसाठी १९७८ साली लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९८५ साली तो सार्वत्रिक झाला. लस ठेवायची पंचवीस हजारांहून अधिक केंद्रे देशात आहेत. याच साखळीच्या जोरावर पोलिओ हटला. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओच्या नव्या रोगी लेकराची नोंद झाली नाही, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. कोविडच्या साथीत १२ जानेवारी २०२१ रोजी पुण्याहून लसीची खोकी निघाली आणि १६ जानेवारीला देशभर टोचणी सुरू झाली. चार दिवसांत हे जमले, कारण साखळी आधीपासून उभी होती. विहीर आधी खणलेली असली, तरच दुष्काळात पाणी मिळते.

आपण काय करावे?

हे सगळे सरकारचे काम, आपला काय संबंध, असे म्हणू नका. साखळीची शेवटची कडी आपल्या गावात आहे.

१. लसीकरणाच्या दिवशी वेळेवर या. कार्ड बरोबर आणा.

२. पेटीसाठी सावलीची, स्वच्छ जागा द्या. पेटीवर बसू नका. झाकण उघडू नका.

३. आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये पाण्याची बाटली, कोल्ड्रिंक, खाण्याचा जिन्नस ठेवायला सांगू नका. दर वेळी झाकण उघडते आणि लस तापते.

४. मोबाइल चार्ज करायला फ्रीजचा प्लग काढू नका. कोणी काढला असेल, तर लगेच कर्मचाऱ्यांना सांगा.

५. वीज फार वेळ गेली, तर ग्रामपंचायतीने चौकशी करावी. जनरेटर असेल, तर त्यात डिझेल आहे का, ते आधीच पाहावे. तुम्ही रुग्ण कल्याण समितीवर असाल, तर बैठकीत हा प्रश्न विचारा.

६. बाटलीवरची खूण पाहायला मागा. बाई रागावणार नाहीत. उलट त्यांना बरे वाटेल.

७. बाई म्हणाल्या, "आज टोचत नाही," तर भांडू नका. पुन्हा कधी यायचे, ते विचारा आणि शेजारणीलाही सांगा.

माझी चूक

आता ती गोष्ट पुरी करतो. त्या दिवसानंतर आठवड्याने नर्सबाई ताजी लस घेऊन पुन्हा आल्या. या खेपेस पहाटेच निघून आल्या. गावातल्या बहुतेक आया आल्या. वाडीवरची बाई आली नाही. मी तिला निरोपही पाठवला नाही. आणि पाठवला असता, तरी ती का यावी? गुरुजीच म्हणाले होते ना, यांना कदर नाही म्हणून!

पुढच्या फाल्गुनात वाडीवर गोवर आला. तिच्या मुलाला ताप भरला, अंगावर पुरळ उठले. मूल आधीच अशक्त होते. अशा मुलाला गोवर झाला, तर डोळ्यांवरही उतरतो. मूल वाचले, पण त्याचा उजवा डोळा गेला.

त्या दिवशी बाईंनी कोमट लस टोचली असती, तरी बहुधा हेच झाले असते. आणि कार्डावर मात्र "लस दिली" असे लिहिलेले असते. तेव्हा मला बाईंचे बोलणे समजले. मी शिकलेला होतो, त्या बाईला चार शब्द समजावून सांगणे माझे काम होते. ते मी केले नाही. उलट तिच्या मनात अढी घातली.

तो मुलगा पुढे माझ्याच शाळेत शिकला. आज तो शेती करतो. आपल्या मुलीला लसीकरणाला तो स्वतः घेऊन येतो. ओट्यावर आला, की आधी पाहतो, पेटी सावलीत आहे की नाही. उन्हात असली, तर काही न बोलता उचलून सावलीत ठेवतो.

तुम्हीही एवढे करा.